फणसाची मिसल

कोकणातील आमच्या वडिलोपार्जित घराच्या परसात, स्वयंपाकघराच्या भिंतीपासून जेमतेम चार हातांवर, एक बरका फणस उभा आहे. ‘उभा’ हे मी केवळ रूढीस मान देऊन म्हणतो, कारण गेली कित्येक वर्षे हा वृक्ष उभा नसून ओणवा आहे, आणि शेजारच्या चुलीवर काय शिजते हे पाहण्याची अनावर जिज्ञासा असलेल्या शेजारणीप्रमाणे त्याने आपला सगळा भार कौलांच्या दिशेने झुकविला आहे. बरक्या फणसाचा स्वभाव असा की, तो पिकल्याची वार्ता माणसाच्या आधी कौलांस कळते. १८६५ साली बाझल मिशनने मंगळुरास कौलांचा कारखाना घातला, तेव्हा त्या सत्शील जर्मन मंडळींनी पश्चिम किनाऱ्यावरील पर्जन्याचा विचार अवश्य केला असला पाहिजे. परंतु मध्यरात्री वीस फुटांवरून उतरणाऱ्या दहा-बारा किलोंच्या फळाचा विचार त्यांनी केलेला दिसत नाही. परिणामी चैत्र ते आषाढ या काळात आमची भावजय आमटीस फोडणी देताना एक डोळा कढईवर आणि दुसरा आढ्यावर ठेवते, व तिच्या हातच्या स्वयंपाकात अलीकडे मीठ कमी-अधिक पडते त्याचे कारण वय नसून फणस होय, असे ती शपथेवर सांगते.

या झाडाची फळे घरात कोणी आवडीने खात नाही. बरक्याचे गरे गिळावयाचे की चावावयाचे याविषयी आमच्या घराण्यात तीन पिढ्या मतभेद आहेत, आणि सांदणे व साठे यांचे गुणगान मुंबई-पुण्याकडे गेलेली मंडळीच तेवढी करतात, कारण ती करण्याचा प्रसंग त्यांच्यावर कधी येत नाही. तात्पर्य, झाड धोकादायक, फळ नावडते आणि स्वयंपाकघर उघडे पडण्याच्या बेतात. अशा स्थितीत ते झाड तोडावे हा विचार जितका सरळ, तितकाच तो अमलात आणण्याचा मार्गही सरळ असेल, अशा समजुतीने मी धाकट्या चुलतबंधूंस मोठ्या रुबाबात म्हणालो, “त्यात काय आहे? रीतसर अर्ज करू.”

चुलतबंधूंनी माझ्याकडे अतीव करुणेने पाहिले. “भाऊ,” ते म्हणाले, “झाड आपणहून पडला तर पंचनामो, आपण पाडला तर गुन्हो. अर्ज केल्यार काय ता मात्र गावात अजून कोणाक ठावक नाय.”

गावात हे कोणास ठाऊक नव्हते, कारण गावात अर्ज करण्याची चाल नव्हती. ती चाल मी पाडली.

आता या प्रकरणाची ग्यानबाची मेख अशी की, आमची ही जमीन शासनास फार आवडलेली जमीन आहे. मनुष्यावर अनेकांचे प्रेम असले की त्याचे जसे कल्याण होत नाही, तसे जमिनीचेही होत नसावे. वडिलांच्या काळी तेथे मृदसंधारणाच्या नावाने बांधबंदिस्ती झाली. मग सामाजिक वनीकरण आले व त्याने काळ्या पिशव्यांतून ऑस्ट्रेलियन बाभळीची रोपे वाटली. १९९० साली रोजगार हमीशी निगडित फळबाग योजना सुरू झाली, तेव्हा उतारावर काजू आणि हापूसची कलमे लागली. पुढे पाणलोट आला, चर खणले गेले. त्यानंतर जलयुक्त शिवार आले व त्याच चरांची डागडुजी नव्या नावाने झाली. प्रत्येक योजनेने जाताना एक पत्र्याचा फलक मागे ठेवला. रोपांपैकी बरीच मेली, काही गुरांनी खाल्ली, काही वणव्यात गेली. फलक मात्र सगळे शाबूत आहेत, कारण फलक गुरे खात नाहीत आणि त्यांस पाणी घालावे लागत नाही. परगावचा मनुष्य आमच्या जमिनीत शिरला तर त्यास प्रथम फलकांचे दाट जंगल लागते, व त्यातून वाट काढल्यावर तुरळक झाडे दिसतात.

या सर्व संरक्षणांच्या मुळाशी आणखी एक पुरातन संरक्षण पुरलेले होते. सातबाराच्या उताऱ्यावर ‘इतर हक्क’ म्हणून जो रकाना असतो, आणि ज्यात मनुष्याच्या सुखाची कोणतीही गोष्ट आजवर लिहिली गेलेली नाही, त्यात आमच्या नावापुढे ‘खाजगी वन’ असा शेरा निघाला. चौकशीअंती असे कळले की १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम ३५ (३) खाली १९५६-५७ च्या सुमारास नोटिसा निघाल्या होत्या, त्यांतली एक आमच्या आजोबांच्या नावे होती. आणि ३० ऑगस्ट १९७५ रोजी खाजगी वने संपादन करण्याचा कायदा अमलात आला, तेव्हा अशा नोटिसांच्या आधारे पुष्कळांच्या जमिनी दफ्तरात वन होऊन बसल्या. आमचे आजोबा १९४९ सालीच निवर्तले होते. नोटीस काढण्याच्या आड मृत्यूने येऊ नये, असा त्या काळच्या दफ्तराचा करारी बाणा असावा. २०१४ साली गोदरेज कंपनीच्या विक्रोळीच्या जमिनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नोटीस नुसती काढून भागत नाही, ती बजावलीही गेली पाहिजे असा निर्णय दिला, हे मी मोठ्या उत्साहाने कचेरीत सांगितले. तेथील अव्वल कारकून शांतपणे म्हणाले, “बरोबर आहे. आजोबांस ती मिळाली नव्हती असे त्यांचे प्रतिज्ञापत्र आणा.”

प्रथम तलाठ्यांकडे जावे लागते म्हणून गेलो. तलाठीभाऊसाहेब वयाने तरुण, वृत्तीने सौम्य आणि भाषेने अचूक होते.

“झाड पडण्याजोगे झाले आहे, म्हणून तोडावयाचे आहे,” मी म्हणालो.

“पडण्याजोगे झाले आहे हे कोणी ठरविले?”

“मीच.”

“आपण वनस्पतिशास्त्राचे जाणकार आहात का?”

“नाही. घराचा मालक आहे.”

“म्हणजे हितसंबंधी झालात,” असे म्हणून त्यांनी माझी साक्ष तेथल्या तेथे बाद केली, आणि उतारा चाळून पुढे म्हणाले, “शिवाय पीकपाहणीत हा फणस दाखल नाही. दफ्तरी नसलेले झाड तोडण्यास ना हरकत कशी द्यावी?”

माझ्या मागे उभे असलेल्या चुलतबंधूंच्या मुद्रेवर आशेचा किरण चमकला. “मगे नसलेला झाड तोडूक हरकत कोणाची?” त्यांनी विचारले.

“नसलेले झाड तोडल्याचा गुन्हा दाखल करता येतो,” भाऊसाहेब म्हणाले.

हे ऐकून आम्ही दोघेही बराच वेळ स्तब्ध बसलो. शंकराचार्यांच्या मायावादाचे अध्ययन मी विद्यार्थिदशेत केले होते. परंतु जे नाही ते असल्याप्रमाणे शिक्षेस पात्र असते, हा त्यातील गाभा मला त्या दिवशी प्रथम उमगला. मग तोडण्यासाठी आधी फणसास अस्तित्वात आणणे क्रमप्राप्त झाले. भ्रमणध्वनीवरून पीकपाहणी नोंदविण्याची जी नवी सोय झाली आहे, तिच्याद्वारे ‘बांधावरील झाडे’ या सदरात त्याची नोंद करावयाची, तर छायाचित्राबरोबर अक्षांश-रेखांशही उमटले पाहिजेत. आणि आमच्या परसात अक्षांश-रेखांश येत नाहीत. ते गावाबाहेरच्या सड्यावर, महापुरुषाच्या देवळामागे, उत्तरेकडे तोंड केले असता येतात. फणस सड्यावर नेता येत नाही आणि सडा फणसाकडे आणता येत नाही, या पेचातून पुतण्याने कशी सुटका केली हे मी विचारले नाही. पण यथावकाश झाड दफ्तरी जन्मास आले, आणि ज्या दिवशी ते जन्मले त्याच दिवशी त्याच्या मरणाचा अर्ज मी दाखल केला.

वनखात्याच्या कार्यालयात मला कळले की १९६४ साली महाराष्ट्राने झाडे तोडण्याचे विनियमन करणारा एक कायदा केला आणि त्यास सोळा झाडांची अनुसूची जोडली: हिरडा, साग, मोह, चिंच, आंबा, फणस, खैर, चंदन, बिजा, हळदू, तिवस, ऐन, किंजळ, अंजन, जांभूळ आणि कांदळवन. ती नावे तेथील लिपिकांनी मला अशा लयीत म्हणून दाखविली की षोडशोपचार पूजेची आठवण व्हावी. फणस उच्चारताना ते किंचित थांबले.

“नारळ असता तर प्रश्नच नव्हता,” ते हळहळून म्हणाले. “नारळ अनुसूचीत नाही. आपल्या आजोबांनी नारळ का लावला नाही?”

या प्रश्नास माझ्याकडे उत्तर नव्हते. आजोबांनी फणस लावला तेव्हा १९६४ साल यावयाचे होते, हे मी सांगून पाहिले. पण दूरदृष्टीचा अभाव हा आमच्या घराण्यावरचा ठपका काही केल्या पुसला गेला नाही. माझे सांत्वन करावे म्हणून त्यांनी मला बांबूची कथा सांगितली. बांबू हे वस्तुतः गवत. परंतु १९२७ च्या वन अधिनियमाने झाडाच्या व्याख्येत त्यास बसविले, आणि २०१७ च्या नोव्हेंबरात वटहुकूम निघून वनाबाहेर लावलेला बांबू त्या व्याख्येतून सुटेपर्यंत ते गवत नव्वद वर्षे झाड म्हणून राहिले. “तेव्हा धीर धरा,” लिपिक म्हणाले, “कायदा बदलतो.” माझे वय लक्षात घेता या आश्वासनात सांत्वनाचा अंश थोडा होता.

अर्जासोबत सहहिस्सेदारांची संमतिपत्रे हवी होती, तीही मुद्रांकावर. आमच्या सातबारावर नांदणाऱ्या मंडळींपैकी निम्मी स्वर्गस्थ आहेत व उरलेली डोंबिवली, बेळगाव आणि न्यू जर्सी अशा स्वर्गाच्या वेगवेगळ्या पायऱ्यांवर आहेत. फणसाचे नाव काढताच या सर्वांच्या ठायी जे वृक्षप्रेम उफाळून आले, त्याचा शतांश जरी त्यांनी घरपट्टी भरताना दाखविला असता तर ओटीवरची गळती कधीच बंद झाली असती. न्यू जर्सीच्या पुतण्याने दूरध्वनीवर मला वातावरणातील कर्बवायूचे प्रमाण, ध्रुवप्रदेशातील बर्फ आणि पुढील पिढ्यांचे भवितव्य या विषयांवर व्याख्यान दिले.

“काका, एक झाड म्हणजे नुसते एक झाड नसते,” तो म्हणाला.

“ते आमच्या कौलांस विचार,” मी म्हणालो.

डोंबिवलीच्या चुलतभावाने आवंढा गिळून सांगितले की त्या फणसाखाली त्याचे बालपण गेले. त्याचे बालपण गिरगावात गेले हे आम्हां दोघांसही ठाऊक होते. मी त्यास त्याच्या सोसायटीच्या आवारातील गुलमोहराची आठवण करून दिली, जो गेल्याच वर्षी नाहीसा झाला. “तो मोटारींच्या आड येत होता,” तो म्हणाला, “आणि शहराचा कायदा तुमच्याहून कडक आहे बरे! २०२१ पासून आमच्याकडे पन्नास वर्षांचे झाड म्हणजे वारसा वृक्ष. तोडले तर त्याच्या वयाइतकी झाडे लावावी लागतात.” गुलमोहराचे वय सोसायटीच्या ठरावात किती नोंदले गेले, हे विचारण्याचा मोह मी आवरला.

खरी अडचण बेळगावच्या आत्याने केली. नव्वदी ओलांडलेली ही माउली तल्लख आहे, आणि तिला तोडण्याविषयी काहीही म्हणावयाचे नव्हते. मसुदा ऐकून ती म्हणाली, “त्यात बरका फणस असे लिहिले आहेस. तो कापा आहे. माझ्या वडिलांनी आपल्या दारात बरका लावला, असे लिहिलेल्या कागदावर मी मेले तरी सही करणार नाही.” आम्ही गरे पाठविले. ते हातात घेताच पाघळले, तरी तिचे मत पाघळले नाही; प्रवासात उन्हाने कापा मऊ पडतो, असे तिने सांगितले. अखेर सर्व पत्रांतून जात वगळून निव्वळ ‘फणस’ एवढेच लिहिण्यात आले, आणि मग कार्यालयाने जात का लिहिली नाही अशी त्रुटी काढली.

पुढे स्थळपाहणीचा मुहूर्त लागला. वनपाल, वनरक्षक, सर्वेक्षक, दोन पंच आणि एक असा गृहस्थ, की जो कोण होता हे शेवटपर्यंत कळले नाही पण ज्यास सर्वांत अधिक चहा लागला, इतकी मंडळी परसात जमली. झाडाचा घेर छातीच्या उंचीवर मोजतात. ही छाती कोणाची असावी याचा वाद टाळण्यासाठी खात्याने ती १.३७ मीटर, म्हणजे साडेचार फूट, ठरवून टाकली आहे; पण ज्याने ती ठरविली त्याच्या डोळ्यांपुढे सपाट जमिनीवरील सरळसोट साग असावा. आमची जमीन उताराची आणि झाड ओणवे. उताराच्या वरच्या अंगाने मोजावे असे वनपाल म्हणाले, कललेल्या खोडाच्या अंगाअंगाने मोजावे असे वनरक्षक म्हणाले, आणि दोन्ही रीतींनी मोजता टेप नेमकी तेथे आली, जेथे खोडास तीन फणस लगडले होते. अन्य वृक्ष आपली फळे शेंड्याकडे सभ्यपणे धरतात. फणस ती भर छातीवर धरतो.

“घेर फणसांसह धरावयाचा की फणसांविना?” वनरक्षकाने टेप हातात धरून विचारले.

या प्रश्नावर नियमावली मौन होती. फणसांसह धरावा तर लाकडाचे माप फुगते, फणसांविना धरावा तर फळे आधी उतरवावी लागतात, आणि फळे उतरविणे म्हणजे चौकशीचा निकाल लागण्यापूर्वी मूळ स्थितीत फेरफार करणे होय. बऱ्याच खलानंतर पंचांच्या समक्ष तीनही फळे उतरविण्यात आली. त्यांतले एक पिकलेले निघाले व तत्क्षणी त्याचा समाचार घेतला गेला, त्यामुळे पंचनाम्याच्या अखेरीस ‘वरील मजकूर पंचांनी समक्ष पाहिला व खात्री करून घेतली’ हे जे वाक्य असते, ते आमच्या बाबतीत तरी अक्षरशः सत्य होते. पंचांपैकी एकाने तो कापा असल्याचे मत दिले. मी ते बेळगावास कळविले नाही.

इतके झाल्यावर हरकतींसाठी जाहीर सूचना चावडीवर लागली, आणि माझ्या आयुष्यातील सर्वांत मोठी वाङ्मयीन घटना घडली. पुष्कळ वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकात मी ‘अंगणातील तपस्वी’ या नावाचा एक ललितलेख लिहिला होता. त्यात या फणसास मी ऋषी, पितामह, क्षमाशील आणि सहस्रबाहू अशी विशेषणे बहाल केली होती, आणि अशा वृक्षावर कुऱ्हाड उगारणारा हात झडून जावो अशी प्रार्थना करून लेख संपविला होता. तो लेख कोणी वाचल्याचे चिन्ह मला त्या वर्षी, वा नंतर कधीही, दिसले नव्हते. आता आमच्या पूर्वेकडच्या शेजाऱ्यांनी तो सबंध लेख, अधोरेखित करून, हरकतीसोबत पुरावा म्हणून दाखल केला. सुनावणीच्या दिवशी तेथील अधिकाऱ्यांनी तो मोठ्याने वाचून दाखविला. वाचन चांगले होते. दोन ठिकाणी शिपायाच्याही डोळ्यांत पाणी आले.

“हे आपणच लिहिले आहे?” अधिकाऱ्यांनी विचारले.

“होय. पण ते साहित्य आहे,” मी म्हणालो.

“आणि अर्ज?”

“ते वास्तव आहे.”

“दोहोंखाली सही एकच आहे,” ते म्हणाले, आणि ‘अर्जदाराच्या पूर्वोक्तीशी विसंगती, खुलासा मागवावा’ असा शेरा मारून त्यांनी मिसल बाजूस ठेवली. एका लेखकास त्याच्या लेखाचा जो काही परिणाम समाजावर घडावा असे वाटते, त्याहून अधिक परिणाम माझ्या लेखाने साधला, याबद्दल मला त्या स्थितीतही थोडासा अभिमान वाटल्यावाचून राहिला नाही.

दरम्यान आमच्या परसातून समोर दिसणारी टेकडी एके सकाळी बोडकी दिसू लागली. रात्री मोटारी फिरत होत्या हे साऱ्या गावाने ऐकले होते. ऐन, किंजळ, खैर, सगळी अनुसूचित मंडळी गेली होती. मी हे कार्यालयात कळविले तेव्हा लिपिकांनी नोंदवही उघडली, बोट फिरविले आणि निरागसपणे म्हणाले, “त्या गटाचा आमच्याकडे अर्जच नाही.”

“अर्ज नाही हीच तर तक्रार आहे!”

“अर्ज नाही म्हणजे तोड नाही,” ते म्हणाले, आणि त्यांच्या या म्हणण्यात लबाडी तिळमात्र नव्हती. अर्ज नसलेले झाड कार्यालयाच्या दृष्टीने उभेच असते. जो परवानगी मागतो त्याच्या झाडावर कायद्याची नजर पडते. मी त्यांना मुंबईच्या आरे वसाहतीचे उदाहरण दिले. तेथे ४ ऑक्टोबर २०१९ रोजी उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या, त्याच रात्री करवती चालू झाल्या, आणि ७ तारखेस सर्वोच्च न्यायालयाने थांबविण्यास सांगितले तोवर २,००० हून अधिक झाडे आडवी झाली होती. तिथे दोन हजारांना तीन दिवस पुरतात तर इथे एकाला इतका काळ का, असे मी विचारले.

“ते मोठे काम होते,” लिपिक म्हणाले. “मोठ्या कामास विलंब करून चालत नाही.”

यानंतर मिसल ज्या गोष्टीसाठी अडली ती अद्याप पुरती अस्तित्वातच आलेली नाही. पश्चिम घाटाच्या संरक्षणासाठी गाडगीळ समितीने २०११ साली अहवाल दिला, तो जड वाटला म्हणून कस्तुरीरंगन समितीने २०१३ साली दुसरा दिला, आणि त्यावरून ५६,८२५ चौरस किलोमीटर, पैकी महाराष्ट्रातील १७,३४०, इतका प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरविण्याचा मसुदा मार्च २०१४ मध्ये निघाला. त्याची मुदत संपली, पुन्हा मसुदा निघाला. त्याचीही संपली, पुन्हा निघाला. आणि ३१ जुलै २०२४ रोजी त्याची सहावी आवृत्ती निघाली. मराठीत इतक्या आवृत्त्या निघालेल्या ग्रंथाचा लेखक सुखाने मरतो. आमच्या गावाचे नाव गावांच्या यादीत होते. त्यामुळे अंतिम अधिसूचना निघेपर्यंत थांबावे की मसुद्यालाच अंतिम मानून चालावे, याविषयी मार्गदर्शन मागविण्यात आले, आणि ज्यांच्याकडे ते मागविले त्यांनी ते वर मागविले. दोडामार्गात तर उच्च न्यायालयानेच २०१३ मध्ये वृक्षतोडीस मनाई केली होती, तेव्हा तुम्ही त्या तालुक्यात नाही हेच भाग्य समजा, असे मला सांगण्यात आले. आणि ते भाग्य मी काही काळ समजून पाहिले.

अखेर, जेव्हा मी आशा सोडून दिली होती आणि चुलतबंधूंनी ती मुळात धरलीच नव्हती, तेव्हा हुकूम आला. सुवाच्य, सविस्तर, शिक्कामोर्तब झालेला तो हुकूम वाचून माझा ऊर भरून आला. फणस तोडण्यास परवानगी दिलेली होती. तोडलेले लाकूड बाहेर न्यावयाचे तर त्यावर हातोड्याची निशाणी उठवून घ्यावी, वाहतूक परवान्यावाचून एक ओंडकाही गावाबाहेर जाऊ नये, झाड पाडताना योजनेतील चर, बांध व फलक यांस इजा पोहोचू नये, ही सगळी कलमे मला शिरसावंद्य होती. फक्त दोन कलमे एकमेकांकडे पाठ करून बसली होती. फळे पूर्णपणे उतरल्यावाचून तोड करू नये, असे चौथे कलम म्हणत होते. आणि परवानगी ३१ मे रोजी संपुष्टात येईल, असे नववे. आमचा फणस आजवर कधीही मृगापूर्वी रिकामा झालेला नाही. कच्ची फळे काढून टाकावीत तर पंचनाम्यात नोंदलेल्या संख्येशी मेळ बसत नाही. मुदतवाढ मागितली तर तिला नव्याने संमतिपत्रे लागतात, आणि बेळगावच्या आत्याने या वेळी कळविले आहे की झाड बरका असेल तर खुशाल तोडा, परंतु तसे लेखी द्या.

या सगळ्याच्या मधल्या काळात भावजयीने आमच्यापैकी कोणालाही न विचारता एक काम केले होते. तिने गवंडी बोलावला, चूल पूर्वेच्या अंगाहून पश्चिमेच्या पडवीत नेली, जुन्या स्वयंपाकघराची कौले उतरवून ठेवली आणि तेथे लाकूडफाटा भरला. आता फणस पडतो तो गवतावर पडतो. गेल्या मोसमात तिने कुयऱ्या बाजारात धाडल्या, साठे घातली, आठळ्या वाळविल्या, आणि मला बजावले की त्या झाडास हात लावाल तर मी हरकत घेईन, व सोबत तुमचा तो लेख लावीन.

तेव्हा फणस जागच्या जागी आहे. फक्त कार्यालयाचे समाधान होत नाही. परवानगीची मुदत संपल्यावर त्यांच्याकडून मला नोटीस आली असून, शासनाचा एवढा वेळ खर्ची पाडून, रीतसर परवानगी मिळवूनही आपण सदर वृक्ष विहित मुदतीत का तोडला नाही, याचा लेखी खुलासा सात दिवसांत करावा, असे तीत म्हटले आहे. ही नोटीस माझ्या नावे निघाली आणि मला जिवंतपणी बजावलीही गेली, हे घराण्याच्या दृष्टीने प्रगतीचेच लक्षण मानले पाहिजे. खुलासा मी लिहीत आहे. वाचकांपैकी ज्यांना बरक्या फणसाची आवड असेल, किंवा तो कापा आहे असे ज्यांचे मत असेल, त्यांनी मे अखेरपासून मृग संपेपर्यंत केव्हाही यावे आणि हवे तितके न्यावेत. फळांना वाहतूक परवाना लागत नाही, एवढी चौकशी मी करून ठेवली आहे.